लेकीची पुस्तकं चोरून वाचणाऱ्या आईस

ताई, नमस्कार.
मी सोलापूरची, वय ५३, एका पतसंस्थेत कॅशियर. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि तिच्या जपानी चित्रकथांची रांग इथेच ठेवून गेली. दिवाळीच्या साफसफाईत त्यातलं एक पुस्तक उघडलं, 'विच हॅट अतेलिए'. पहिली दहा मिनिटं मी शेवटाकडूनच वाचत होते. मग कळलं की हे उजवीकडून डावीकडे वाचायचं. आता नऊ भाग झाले. दहावा उशाशी आहे आणि मी तो उघडत नाही, कारण मुलीने दहाच ठेवलेत. परवा ह्यांनी बघितलं. म्हणाले, "रिटायर व्हायला आलीस आणि कार्टून वाचतेस?" मी हसण्यावारी नेलं, पण लागलं. अजून एक सांगते. त्यातली कोको नावाची मुलगी एकटी बसून रेघा गिरवते, तिथे मला रडू आलं. तिथे दुःखाचं काही नव्हतं. शाळेत मला इंटरमिजिएटला 'ए' ग्रेड होती, मग चित्रकला सुटली, एवढाच माझा चित्रांशी संबंध. मी संसारापासून पळतेय का? मुलीला सांगू का? आणि हे संपल्यावर काय वाचू?
— चोरटी वाचक, सोलापूर

चोरटीताई,

उलटं वाचणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. मी आमच्या शेजारणीला पहिला भाग दिला होता. दोन दिवसांनी परत आणून दिला आणि म्हणाली, "चित्रं फार सुरेख गं, पण ह्यात माणसं आधी निरोप घेतात आणि मग त्यांची ओळख होते, असं का?" अख्खं पुस्तक तिने मागून पुढे वाचलं होतं आणि तरीही तिला ते आवडलं होतं. हे पुस्तक लोकांना नेमकं का आवडतं, त्याचं अर्धं उत्तर मला तिथेच मिळालं. तिला गोष्ट कळलीच नव्हती. ती नुसती बघत बसली होती.

आता 'कार्टून'चं बघू, कारण ते तुम्हाला लागलंय. यजमानांना एवढंच सांगा की कामोमे शिराहामा यांची ही मालिका २०१६ च्या जुलैपासून 'मॉर्निंग टू' नावाच्या मासिकात येऊ लागली आणि ते मासिक मुलांचं नाही. जपानात मासिकं वाचकाचं वय धरून निघतात आणि हे मोठ्या माणसांसाठी निघालेलं. आपल्याकडे चित्र दिसलं की पुस्तक बालविभागात जातं. आमच्या भागातल्या एका वाचनालयात मी हीच मालिका पाढ्यांच्या पुस्तकांशेजारी बघितली आहे. ग्रंथपालांना सांगितलं तर म्हणाले, "मॅडम, टोपीवाली मुलगी आहे कव्हरवर." काय बोलणार!

पण वयाचा दाखला काढून वाद घालण्यापेक्षा यजमानांना चांदोबाबद्दल विचारा. तुमच्या वयाच्या घरात चांदोबा आला नसेल असं होणार नाही. खांद्यावर प्रेत, हातात तलवार, मागे वळून न बघता चाललेला विक्रम. ते चित्र काढणारे शंकर मद्रासला बसून वर्षानुवर्षं तेच काम करत होते. वेताळाने कुठल्या महिन्यात कुठला प्रश्न विचारला हे यजमानांना आता आठवणार नाही, पण ते झाड आठवेल, विक्रमाचा तो पाय टाकण्याचा झोकही आठवेल. कधी जेवताना सहज विचारून बघा. त्यांचा चेहरा कसा होतो तेवढं बघा आणि विषय सोडून द्या.

मग तुमचं रडू. तुम्ही ते पत्रात मध्येच, 'अजून एक सांगते' म्हणून टाकलंय आणि इंटरमिजिएटचं त्याच्या शेजारी, 'एवढाच संबंध' म्हणून. पत्रं वाचून वाचून माझी एक खोड झाली आहे. 'एवढाच' दिसला की मी तिथेच थांबते.

ज्यांनी हे पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कोको ही शिंपिणीची मुलगी. तिच्या जगात जादू येणारे लोक जन्मतःच तसे असतात, बाकीच्यांना ती येणं शक्य नाही, असं सगळ्यांना सांगितलेलं आहे. एक दिवस कीफ्री नावाचा जादूगार मोडलेली बग्गी दुरुस्त करताना ती चोरून बघते आणि तिला दिसतं की तो मंत्र म्हणत नाहीये, कांडी फिरवत नाहीये. तो चित्र काढतोय. शाईने, वर्तुळात. म्हणजे जादू कुणालाही येऊ शकते, फक्त काढता यायला हवी! आणि ती लपवून ठेवलेली आहे ती नेमकी ह्याच कारणासाठी. लहानपणी जत्रेत एका मुखवटेवाल्याकडून घेतलेलं चित्रांचं पुस्तक तिच्याकडे असतंच. घरी जाऊन ती त्यातली चित्रं गिरवायला लागते. एका चित्राने घर आणि आई दगड होतात. कीफ्री तिला एकटीला वाचवतो, शिष्य करून घेतो आणि पुढचं सगळं त्या एका चुकीच्या निस्तरण्याचं आहे.

ती जादूची वर्तुळं आठवा. मधोमध एक खूण: अग्नी, पाणी, वारा, माती, प्रकाश, जे हवं ते. तिच्याभोवती आणखी खुणा: किती जोर, कुठल्या दिशेने, काय आकार. आणि बाहेरून कडं. कड्याची दोन टोकं जुळली की जादू चालू. खुणा एका बाजूला झुकल्या तर वारा तिरका सुटतो, रेघ थरथरली तर ज्योत थरथरते. कडं अपुरं ठेवलं तर सगळं तयार असून काहीच होत नाही. त्या उडत्या जोड्यांची युक्तीच ती: अर्धं वर्तुळ एका तळव्याला, अर्धं दुसऱ्या. पाय जुळवले की कडं पुरं झालं आणि माणूस हवेत.

ताई, इंटरमिजिएटला पेपर कुठले होते? स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि चौथा, ज्याला सगळी मुलं घाबरायची, तो भूमिती आणि अक्षरलेखनाचा. कंपास, डिव्हायडर, टोक केलेली पेन्सिल, वर्तुळाला स्पर्शिका, मग अक्षरांची उंची बांधून घ्यायची आणि मधलं अंतर डोळ्याने मोजायचं. ह्या गोष्टीतली सगळी जादू म्हणजे तुमचा तो चौथा पेपर आहे. वर्तुळ नेटकं, विभागणी समान, अक्षर सुबक. तुम्हाला त्यात 'ए' होती.

म्हणून तुम्ही आई दगड झाली त्या पानावर रडला नाहीत. रेघा गिरवणाऱ्या मुलीवर रडलात. तिला कुणीतरी सांगितलंय की हे तुझ्यासारखीचं काम नाही आणि ती तरीही पान उलटून पुढची रेघ काढतेय. तुमची चित्रकला 'सुटली' म्हणता. मराठीत गाडी सुटते, नोकरी सुटते आणि बायकांची चित्रकला सुटते. सोडायला कुणी लावली ते वाक्यात कुठेच येत नाही. मी विचारणार नाही. पण पळपुटेपणाचा जो आरोप तुम्ही स्वतःवर ठेवताय, तो मला पटत नाही. पळून गेलेला माणूस आपल्या घराच्या दारातच पोचत नाही. तुम्ही पोचलात.

आता 'हळुवार, सुंदर' म्हणून ह्या पुस्तकांचं जे कौतुक होतं त्याबद्दल. तो शब्द अपुरा आहे. निव्वळ हळुवार पुस्तकं मी पुष्कळ वाचली आहेत. त्यात चहा होतो, मांजर येतं, पाऊस पडतो, कुणी कुणाला काही बोलत नाही आणि शंभर पानांनंतर माझा डोळा लागलेला असतो. साखर घातलेलं कोमट पाणी. शिराहामांचं तसं नाही. त्यांच्या जगात आई दगड झालेली आहे. शरीरावर जादू करायला बंदी आहे, औषध म्हणूनसुद्धा, कारण पूर्वी त्याच विद्येने भयंकर गोष्टी झाल्या. मग पायांनी अधू झालेल्या कस्टस नावाच्या मुलापुढे कोको उभी राहते तेव्हा तिच्याकडे दौत आहे, लेखणी आहे आणि तरी हात बांधलेले आहेत. ह्या प्रश्नाला पुस्तक सोपं उत्तर देत नाही. कीफ्रीबद्दल तर मी काही बोलतच नाही. तुमचा दहावा भाग बाकी आहे.

हळुवारपणा आहे तो लोक एकमेकांना कसं शिकवतात त्यात. सुरुवातीला कीफ्रीची आधीची शिष्या अगॉट कोकोशी किती तुसडेपणाने वागते, आठवतं? दुसऱ्या कुणी ही गोष्ट लिहिली असती तर अगॉटला धडा शिकवणारा एक प्रसंग आला असता. इथे तसं होत नाही. तीही घाबरलेली मुलगी आहे हे हळूहळू दिसतं, बस. ड्रॅगन समोर येतो तेव्हा कीफ्रीच्या ह्या चार शिष्या त्याला मारत नाहीत, मऊ अंथरूण करून झोपवतात. झोपवतात! मी ते पान बघून खुर्चीवरून उठले होते. आणि कागद-शाईच्या दुकानातला टार्टा. त्याला रंग कळत नाहीत, सगळं रुपेरी दिसतं आणि दुकानात तर शाईच्या बाटल्याच बाटल्या. दुसऱ्यांदा वाचताना माझ्या लक्षात आलं की ते पान काळंपांढरं आहे. टार्टाला जसं दिसतं तसंच आपल्यालाही दिसतंय. त्या दुकानात आपणही कुठली बाटली लाल आणि कुठली हिरवी ते सांगू शकणार नाही. शब्दांच्या कादंबरीत लेखकाला तो अंधूकपणा वर्णन करून सांगावा लागला असता. इथे तो न सांगता आपल्यावर येऊन पडतो.

चित्रांबद्दल तुम्ही पत्रात एक अक्षर लिहिलेलं नाही. चित्र येणाऱ्या माणसाचं हे असंच असतं, बाकीच्यांनी 'किती सुंदर' म्हणायचं. शिराहामा टोकियोच्या कलाविद्यापीठात शिकलेल्या, अमेरिकेतल्या सुपरहिरोंच्या अंकांची मुखपृष्ठंही त्यांनी केली आहेत. काम कागदावर, टाक आणि शाईने. तुमच्या डोळ्याने एकदा नुसत्या बाह्या बघा. सोलापूरच्या बाईला कापड सांगायला नको. कीफ्रीचा झगा, त्याचा हात उचललेला असतो तेव्हा काखेतून निघालेल्या चुण्या कोपराकडे येताना विरळ होतात आणि मनगटाशी पुन्हा दाटतात. राखाडी रंगापेक्षा काम रेघांचंच. जिथे सावली हवी तिथे रेघेवर आडवी रेघ आणि उजेड हवा तिथे टाक उचललेला. वस्त्राची जात रेघेच्या वळणावरून कळते, जाड लोकर वेगळी पडते, पातळ अस्तर वेगळं. गोष्टीतल्या मुली काय शिकतात? रेघ. आणि गोष्ट कशाने सांगितली आहे? रेघेने. चौकटींचंही तसंच. कधी चौकटीची कड वेलबुट्टीची होते, कधी खिडकीची चौकट हीच पानाची चौकट होते, कधी एखादीचा झगा कड ओलांडून शेजारच्या प्रसंगात जातो. युरोपातल्या शंभर वर्षांपूर्वीच्या सचित्र पुस्तकांची आठवण होते. म्हणूनच हे पुस्तक भरभर वाचता येत नाही. दिवसभर तुम्ही नोटा मोजता, अंगठा आपोआप चालतो. ह्या पानावर अंगठा थांबतो.

दोष नाहीत असं नाही. रुपेरी रात्रीच्या उत्सवाचं जे प्रकरण पुढे येतं ते लांबतं, नवी माणसं येतच राहतात, टोप्यांवरून कोण कोणाचं ते लक्षात ठेवावं लागतं. मी मध्ये दोन महिने वैतागून बाजूला ठेवली होती. तरी २०२० मध्ये अमेरिकेत चित्रकथांसाठीचा आइसनर पुरस्कार मिळाला, आशियातून आलेल्या पुस्तकांच्या विभागात, आणि त्याच वर्षी हार्वेही, ते मला योग्यच वाटलं. हेही यजमानांना सांगायला हरकत नाही. पुरस्काराने पुरुषांना बरं वाटतं.

संसारापासून पळण्याबद्दल आणखी एक सांगते, मग तो विषय बंद. ह्या तऱ्हेच्या गोष्टींना जपानीत 'इयाशिकेई' म्हणतात, 'इयासु' म्हणजे बरं करणं, दुखणं शमवणं, त्यावरून. विच हॅट तंतोतंत त्यात बसत नाही, पण शेजारच्या घरातली आहे. हा 'इयाशी' शब्द तिथे सगळ्यांच्या तोंडी झाला तो १९९५ नंतरच्या वर्षांत. त्या जानेवारीत कोबेचा भूकंप झाला, सहा हजारांहून जास्त माणसं गेली. मार्चमध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडला गेला. आधीच बाजार कोसळलेला, नोकऱ्यांची शाश्वती गेलेली. त्यानंतर लोकांना ज्या गोष्टी हव्याशा वाटू लागल्या त्यात राक्षस मारणारे वीर कमी आणि चहा करणारी, वाट दुरुस्त करणारी माणसं जास्त होती. 'योकोहामा कैदाशी किको' नावाची एक मालिका तर भूकंपाच्या आधी, १९९४ मध्येच सुरू झालेली. समुद्र वर चढतोय, शहरं पाण्याखाली, माणसं कमी होत चाललीत आणि आल्फा नावाची यंत्रमुलगी एका टेकाडावर कॉफीचं दुकान चालवते. गिऱ्हाईक आलं तर आलं. ती २००६ पर्यंत चालली.

तुम्ही सोलापूरच्या आहात. १९९३ च्या विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे तुम्ही विशीत असाल. किल्लारीचा हादरा तुमच्याही घरात जाणवला असणार आणि त्यानंतर घरोघर आधी काय झालं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. कुणीतरी दुधाचं पातेलं पुन्हा स्टोव्हवर ठेवलं. अशा पातेल्याची गोष्ट वाचणं म्हणजे पळणं असेल तर असू दे.

मुलीला सांगा. आजच सांगा. पण फोनवर 'तुझी पुस्तकं वाचली हं' असं कबुलीजबाबासारखं नको, तीही बिचकेल. मुलांच्या आवडीच्या जागेत आईवडील एकदम शिरले की त्यांना कपाट उघडं राहिल्यासारखं वाटतं. तिला एक प्रश्न विचारा. तुम्हाला खरोखर पडलेला असेल असा. 'कीफ्रीवर तुझा विश्वास आहे का?' एवढाच मेसेज पाठवा, पुढेमागे काही नको. ती मीटिंगमध्ये असली तरी बाहेर येऊन फोन करील, बघा. आणि एक लक्षात घ्या, नोकरीला जाताना पोरी आपली नको असलेली पुस्तकं रद्दीत टाकतात आणि हवी असलेली बरोबर नेतात. ह्या रांगेचं तिने दोन्ही केलं नाही. तुमच्याकडे ठेवली. मी त्यातून काही निष्कर्ष काढत नाही, तुम्ही काढा.

दहावा भाग उघडा. मालिका दहावर थांबलेली नाही, पुढचे भाग आहेत, इंग्रजीत मिळतात. मुलीला आणायला सांगा, हुतात्मा एक्स्प्रेसने येताना पिशवीत सहज बसतील.

मधल्या काळात वाचायला सांगते, पण सगळं एकदम मागवू नका. पहिली 'मुशिशी', युकी उरुशिबारा यांची. गिंको नावाचा एक भटका वैदू गावोगाव फिरतो आणि माणसांना 'मुशी'मुळे होणारे त्रास बघतो. मुशी म्हणजे भूत नाही, जंतू नाही, जिवंतपणाच्या अगदी तळाशी असलेलं काहीतरी. ती दुष्ट नसते, नुसती जगत असते आणि तिचं जगणं आपल्या आड येतं. प्रत्येक गोष्ट सुटी. रोज रात्री एक, त्याहून जास्त नको. शिराहामांची रेघ जितकी भरगच्च तितकी इथली विरळ, डोंगर दोन फटकाऱ्यांत. तुम्हाला सुरुवातीला अपुरं काढल्यासारखं वाटेल. चार गोष्टी थांबा.

'हाकुमेई आणि मिकोची' ही दुसरी. झाडाच्या बुंध्यात राहणाऱ्या नऊ सेंटिमीटर उंचीच्या दोन मैत्रिणी, एक दुरुस्तीची कामं करते, एक स्वयंपाक आणि शिवण. काही घडत नाही आणि तरी पान संपत नाही, कारण प्रत्येक मडक्याला झाकण आहे, प्रत्येक अवजाराला खुंटी. तुम्ही कॅश जुळवून आलेल्या बाई, तुम्हाला तिथलं सगळं जागच्या जागी असणं आवडेल.

आणि नागाबे यांची 'द गर्ल फ्रॉम दि अदर साइड', पण ती पावसाळ्यात आणि घरात कुणीतरी असताना. शिवा नावाची एक लहान मुलगी आणि शिंगं असलेला काळा प्राणी, तिचा 'शिक्षक'. दोघांनी एकमेकांना शिवायचं नाही, एवढा एकच नियम. तो तिला सांभाळतो आणि हात लावू शकत नाही. चित्रांत काळी शाई इतकी की बोटांना लागेल असं वाटतं. हीसुद्धा हळुवार म्हणूनच ओळखली जाते. मी शेवटच्या भागानंतर दोन दिवस कुणाशी धड बोलले नव्हते.

'फ्रीरेन' सगळेच सांगतील, म्हणून मी सांगत नाही. चांगली आहे. राक्षसांचा राजा मेल्यानंतर गोष्ट सुरू होते, हजार वर्षं जगलेल्या बाईला आपल्या मित्राला नीट ओळखायचं राहून गेलं हे त्याच्या अंत्यविधीला कळतं. पन्नाशीनंतर ती वेगळी लागते.

'पुन्हा चित्रं काढा' असं मी म्हणणार नाही. ते सल्ला देणाऱ्या माणसाला फार सोपं असतं आणि तुमच्या संध्याकाळी किती मोकळ्या आहेत मला माहीत नाही. पण शाळेच्या वस्तू विकणाऱ्या जुन्या दुकानात अजून टाक मिळतो, निब सुटी मिळते, काळ्या शाईची बाटली मिळते. ह्या तीन वस्तू उशाशी त्या दहाव्या भागाजवळ ठेवून द्या. कोकोच्या झग्याची एक बाही उतरवून बघाविशी वाटली तर बघा. चेहऱ्याच्या वाटेला पहिल्या दिवशी जाऊ नका. नवी निब आधी ओठांत धरून ओली करा किंवा काडीच्या ज्योतीवरून फिरवा, नाहीतर वरच्या तेलामुळे शाई धरत नाही आणि माणसाला वाटतं हात गेला.

यजमान एखाद्या रात्री गुपचूप ते पुस्तक उचलतील. उचलतातच. डावीकडून उघडतील, दहा मिनिटं शेवटाकडून वाचत बसतील. सांगू नका.